उशाशी साठलेल्या न वाचलेल्या पुस्तकांचं काय करायचं?

प्रश्न : पलंगाशेजारी चाळीसेक पुस्तकांचा ढीग झाला आहे, त्यात गेल्या दोन वर्षांचे दिवाळी अंकही आहेत. रोज रात्री त्याच्याकडे बघून अपराधी वाटतं आणि शेवटी हातात मोबाइल येतो. नवी खरेदी पूर्ण बंद करून ढीग वरून खाली संपवत जावा का? बायको म्हणते, सगळं वाचनालयाला देऊन टाका. (पुण्यातले एक वाचक, वय ४७)

उत्तर : दोन्ही करू नका. खरेदीबंदीचा नेम पुढच्या प्रदर्शनापर्यंत टिकतो. आणि ढीग वरून खाली संपवायला घेतलात तर तिसऱ्या पुस्तकाशी अडाल, कारण ते पुस्तक तुम्हाला आत्ता वाचायचंच नसेल. वहिनींच्या सूचनेबद्दल शेवटी लिहिते. ‘सगळं वाचनालयाला’ हे शब्द ऐकले की आमच्या पोटात गोळा येतो, एवढंच आधी सांगून ठेवते.

मी कोकणात एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल होते. निवृत्त झाले तरी देवघेवीच्या टेबलावर अजून अधूनमधून बसते. कोण कोणतं पुस्तक नेतो हे सगळ्या गावाला माहीत असतं. कोण ते न वाचता परत आणतो, हे मात्र त्या टेबलामागच्या माणसालाच कळतं. परत आलेल्या पुस्तकात खुणेसाठी घातलेलं एसटीचं तिकीट, लग्नपत्रिकेची पट्टी, गोळ्यांचं रिकामं पाकीट तसंच राहून गेलेलं असतं, आणि बहुतेकदा ते पहिल्या चाळीस-पन्नास पानांतच सापडतं. बरं, ही झाली निदान घरी नेलेली पुस्तकं. शेवटच्या पानावरच्या तारखेच्या चिठ्ठीवर एकही शिक्का न पडलेली पुस्तकं तर प्रत्येक वाचनालयात आहेत.

ढीगही आमच्याकडे असतो. राज्यातली वाचनालयं १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याप्रमाणे अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात आणि वर्गाप्रमाणे त्यांना अनुदान मिळतं. त्याचा हिशेब मार्चअखेर द्यायचा, म्हणून बरीच खरेदी त्याच सुमाराला एकदम होते. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून येणारे गठ्ठे निराळेच. मग शिक्के मारा, दाखल क्रमांक घाला, वर्गांक द्या, पाठीवर लेबल चिकटवा. तोवर नवी पुस्तकं टेबलाखाली पडून. तेव्हा तुमच्या ढिगाला मी आळस वगैरे म्हणणार नाही. पुस्तकं हंगामाने येतात आणि वाचन रोज थोडं थोडं होतं, त्यामुळे हे असं होणारच.

हिशेब करून बघा. झोपण्यापूर्वी अर्धा तास, म्हणजे साधारण १५ पानं. ३०० पानांच्या पुस्तकाला २० रात्री लागतात. एकही रात्र न चुकवता वर्षाला १८ पुस्तकं. पण पाहुणे येतात, मुलांच्या परीक्षा असतात, कधी ऑफिसातून यायलाच अकरा वाजतात. १२ होतात असं धरू, आणि तीही काही थोडी नाहीत. आता खरेदी. डिसेंबरात फर्ग्युसनवरचा पुस्तक महोत्सव, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाची सवलत, २३ एप्रिलला पुस्तक दिनाची, मधेच कुठल्या तरी मंगल कार्यालयात ‘कोणतंही पुस्तक १०० रुपयांत’, एखादी प्रकाशनपूर्व नोंदणी, आणि दिवाळी. सहा निमित्तं झाली. प्रत्येक वेळी चारच घेतली तरी २४. म्हणजे दर वर्षी १२ शिल्लक. तुमची चाळीस ही जेमतेम साडेतीन वर्षांची शिल्लक आहे, त्यात अपराधी वाटण्यासारखं काय आहे?

तरी खरेदी थांबवा असं मी म्हणत नाही, त्याला मराठीपुरतं एक खास कारण आहे. आपल्याकडे आवृत्ती साधारण हजार प्रतींची, हल्ली कित्येकदा त्याहूनही लहान. संपली की पुन्हा निघेल याची खात्री नाही, आणि निघाली तरी किती वर्षांनी, कोण जाणे. एखाद्या गावाचा इतिहास, एखाद्या कलावंताचं आत्मकथन, लहान प्रकाशकाने काढलेला लेखसंग्रह दिसला आणि मनात आलं, ‘आत्ता नाही घेतलं तर हाती लागणार नाही,’ तर ते खरंच आहे. घ्या. पण सगळीकडे जिची चर्चा चालली आहे, जिच्या वर्षात तीन आवृत्त्या निघाल्या, ती कादंबरी घाईने विकत घेऊ नका. तिच्या वाचनालयात दोन-तीन प्रती असतात, वर्षभराने तर त्या सहज मिळतात. पुष्कळांचं नेमकं उलटं होतं. दुर्मिळ होणारं पुस्तक ‘पुढच्या वेळी’ म्हणून दुकानातच राहतं आणि सगळीकडे मिळणारं घरी येतं.

तुमच्या ढिगाची खरी अडचण वेगळी आहे. वाचनालयात पुस्तकाला आवक असते तशी जावकही असते. घरात नुसती आवक. विकत घेतलेल्या पुस्तकाला परत करायची तारीखच नसते, म्हणून ते उद्यावर जातं. आमच्याकडे असे सभासद आहेत ज्यांच्या घरी तेच पुस्तक आहे, तरी ते वाचनालयातून नेतात. विचारलं तर म्हणतात, ‘घरी आहे हो, पण इथून नेलं की वाचून होतं.’ पंधरा दिवसांची मुदत असते, उशीर झाला की रुपया-दोन रुपये विलंब शुल्क पडतं. त्या पैशाला कोणी भीत नाही. पण आपल्यामागे कोणी तरी त्या पुस्तकासाठी थांबलं आहे हे कळलं की मात्र माणूस वाचायला बसतो. ‘जोशीकाकू दोनदा विचारून गेल्या,’ एवढं सांगितलं तरी परवा पुस्तक वाचून परत येतं.

हे घरी करता येतं. स्वतःच चिठ्ठीवर तारीख लिहून ठेवायची, असं काही जण सुचवतात. माझा त्यावर फार विश्वास नाही, कारण स्वतःला मुदतवाढ द्यायला आपण सगळेच उदार असतो. त्यापेक्षा माणूस गाठा. तुमच्यासारखाच ढीग असलेला मित्र, बहीण, सोसायटीतलं कोणी. तुमची पाच पुस्तकं त्यांच्याकडे, त्यांची पाच तुमच्याकडे, महिनाभरासाठी. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम याच तत्त्वावर चालतो. पुस्तकांची पेटी एका गटाकडे येते, गटातली माणसं ती आपसांत फिरवतात आणि काही महिन्यांनी ती पेटी बदलून दुसरी येते. काही ठिकाणी बायकांनी पैशांच्या भिशीसारखी पुस्तकांची भिशी सुरू केली आहे, तीही चांगली चालते. परत द्यायचं पुस्तक वाचलं जातं, मग ते वाचनालयाचं असो की मेहुण्याचं.

आता ढिगाकडे. रविवारी सकाळी सगळी पुस्तकं खाली चटईवर काढा. विषयवार किंवा लेखकवार लावायला जाऊ नका, दुपार तिथेच संपेल. प्रत्येक पुस्तक घरात कसं आलं, एवढंच बघा.

उसनी आणलेली आधी बाजूला. त्यात एखादं वाचनालयाचंही निघेल, जवळजवळ प्रत्येक घरी निघतं. ती या आठवड्यात परत करा, वाचून झाली असोत वा नसोत. कुणाचं पुस्तक आपल्याकडे राहिलं आहे ही टोचणी निम्म्या ढिगाइतकी असते. दंडाची भीती वाटत असेल तर सांगते, हरवलेलं समजलेलं पुस्तक परत आलं की ग्रंथपालाला इतका आनंद होतो की दंडाची गोष्ट कोणी काढत नाही. निदान मी तरी कधी काढली नाही.

‘पुन्हा मिळणार नाही’ म्हणून घेतलेली पुस्तकं कपाटात जाऊ देत, उभी, तुम्हाला पाठ दिसेल अशी. ती वाचायची राहिलेली पुस्तकं नाहीत. तुमच्या घरचा तो संग्रह आहे, दहा वर्षांनी एखाद्या दुपारी त्यातलं एक काढाल आणि ते हाताशी असल्याबद्दल स्वतःवरच खूश व्हाल. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली. त्यांतलं दुसरं ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ आणि तिसरं ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’. तो वाचक याच वर्षी आला पाहिजे, असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही.

मग उरतात ‘वाचायलाच हवीत’ अशी पुस्तकं. पुरस्कार मिळालेली, कुणी आग्रहाने सुचवलेली, साहेबांनी वाढदिवसाला दिलेली, व्यक्तिमत्त्व विकासाची. माझ्या मते ढिगाचं ओझं वाटतं ते या पुस्तकांमुळे. प्रत्येक हातात घेऊन दोन पानं वाचा, सुरुवातीची नको, मधली. तिसरं पान उलटावंसं वाटलं नाही तर ते दुसऱ्याच कुणाचं पुस्तक आहे, तुमच्या घरी मुक्कामाला आलेलं. अर्धवट राहिलेल्यांनाही हाच न्याय. पन्नास पानं वाचलीच पाहिजेत, शंभर वाचलीच पाहिजेत असे नियम सांगणारे भेटतील. मला ते पटत नाहीत. एखादी कथा चौथ्या पानावर मिटावी, एखाद्या चरित्राला दीडशे पानं द्यावीत.

एवढं झाल्यावर पंधराएक पुस्तकं हातात राहतील. आता ज्याकडे कोणी लक्ष देत नाही तो भाग. उशाशी कोणती ठेवायची?

रात्री साडेदहाला पाठीवर पडून जे वाचता येत नाही ते तिथे नको. ६०० पानांचं पक्क्या बांधणीचं चरित्र आडवं पडून धरताच येत नाही. दहा मिनिटांत मनगट दुखतं आणि आपल्याला वाटतं, विषयच कंटाळवाणा आहे. वैचारिक लेखन, टिपा आणि संदर्भ असलेला इतिहास, पेन्सिल घेऊन वाचायचं काहीही, हे टेबलावरचं वाचन. त्याला रविवारची सकाळ द्या, नाही तर ऑफिसला जाण्याआधीची वीस मिनिटं. उशाशी कथासंग्रह, ललित लेख, पत्रं, रोजनिशी, प्रवासवर्णन, जिथे आठ-दहा पानांत थांबता येतं असं. कविताही चालते. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे पूर्वी वाचलेलं, आवडलेलं पुस्तक. डोळा लागला तरी काही हुकत नाही. झोपताना नवं वाचलंच पाहिजे हा हट्ट कशाला?

जाडजूड पण नुसत्या चिकटवलेल्या बांधणीचं पुस्तक पलंगावर नेऊ नका. झोप आली की ते उघडंच पालथं ठेवलं जातं आणि पाठीचा डिंक तिथेच तडकतो. आठवडाभराने पानं सुटी होतात. शिवण बांधणीचं पुस्तक हे सोसतं. फरक ओळखायचा तर पुस्तक वरच्या कडेने बघा. पानांच्या जुड्या वेगवेगळ्या दिसल्या तर शिवण आहे.

तुमचं वय ४७ म्हणून आणखी एक विचारते, चष्मा कधी तपासलात? ‘हल्ली वाचनात मन लागत नाही’ असं सांगणारे किती तरी सभासद मला भेटले आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना नुसती चाळिशी लागली होती. दिवसा चालून जातं. रात्री खोलीतल्या मंद दिव्यात, जुन्या आवृत्तीतल्या बारीक टाइपावर डोळा ठरत नाही. मोबाइलवर अक्षर मोठं करता येतं आणि उजेड त्याचा त्यालाच असतो, म्हणून हात तिकडे जातो. डोळे तपासून घ्या आणि उशाशी एक चांगला दिवा बसवा, प्रकाश पानावर पडेल आणि वहिनींच्या डोळ्यांवर येणार नाही असा. चार नवी पुस्तकं घेण्यापेक्षा हा खर्च उपयोगी पडेल.

निवडलेली पुस्तकं आडवी रचू नका. आडव्या चळतीत वरचं एकच पुस्तक दिसतं आणि खालचं काढायचं तर सगळी उचलावी लागतात, म्हणून खालची कधी निघतच नाहीत. कोणतंही वाचनालय पुस्तकं उभी ठेवतं ते काही शोभेसाठी नव्हे. पाच पुस्तकं दोन टेकूंमध्ये उभी करा. एका हाताने उचलता येतील एवढीच. (मराठी पुस्तकांच्या पाठीवरची नावं कधी वरून खाली, कधी खालून वर छापलेली असतात, त्यामुळे मान दोन्हीकडे वळवावी लागेल. प्रकाशकांनी एकदा बसून हे ठरवायला हवं.) सहावं आणायचं तर पाचांतलं एक कपाटात किंवा बाहेर. नियम घालायचाच तर एवढाच घाला.

जमिनीवर ढीग असेल तर तो या पावसाळ्याआधीच हलवा, हे मी कोकणातली म्हणून जास्त कळकळीने सांगते. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या पुस्तकांना ओल धरते, बुरशी येते, आणि आर्ट पेपरची चित्रं असतील तर ती पानं एकमेकांना चिकटतात. मग सुटत नाहीत, फाटतात. वाळवी जमिनीतून आणि भिंतीतून येते. कसर अंधारात, ओलाव्यात वाढते आणि तिला बांधणीची खळ फार आवडते. पुस्तकं जमिनीपासून वर आणि भिंतीपासून दोन बोटं लांब असली, अधूनमधून हाताळली गेली, की निम्मं काम झालं. डांबराच्या गोळ्या उशाशी ठेवू नका, रात्रभर तो वास घ्यायचा नसतो. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधूनही ठेवू नका, आतला ओलावा आतच राहतो. ओलसर पुस्तक उन्हात टाकण्यापेक्षा पंख्याखाली, पानं मोकळी करून, सावलीत वाळवा.

दिवाळी अंकांचा हिशेब निराळा. १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून आपल्याला ही सवय लागली आहे. आता दर वर्षी काही शे अंक निघतात आणि एकेकाची किंमत दोनशे-तीनशेच्या पुढे जाते. सहा अंक घेतले की दीड-दोन हजार गेले. बहुतेक वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी योजना असते. एकदा ठरावीक वर्गणी भरायची आणि पुढचे काही महिने अंक बदलून नेत राहायचं. पुढच्या दिवाळीला ती घ्या आणि विकत फक्त एक-दोन अंक घ्या, जे खरंच जपून ठेवाल. आत्ता घरात आहेत ते अनुक्रमणिका उघडून बघा. वाचावंसं वाटणारं जे दोन-तीन असेल ते या पंधरवड्यात वाचून टाका. कथा-लेख शिळे होत नाहीत, पण अंक जसाच्या तसा कव्हर टू कव्हर वाचायचा असतो असा काही दंडक नाही. दोन वर्षांपूर्वीचं राशिभविष्य मात्र जरूर वाचा, खरं ठरलं का ते ताडून बघायला मजा येते. मग ते अंक इमारतीच्या वॉचमनला, डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाकाला, वृद्धाश्रमाला, जिथे कोणी चाळेल तिथे द्या. वाचनालयाला नको. आमच्याकडे आमचेच असतात.

आता वहिनींचा मुद्दा. वाचनालयाला जरूर द्या, पण आधी फोन करा आणि यादी पाठवा. पुस्तक दाखल झालं की ते नोंदवहीत चढतं आणि ते पुन्हा कमी करायचं तर निर्लेखनाचा ठराव करून समितीची मंजुरी घ्यावी लागते. म्हणून आम्ही नको असलेलं पुस्तक ‘असू दे’ म्हणून ठेवून घेऊ शकत नाही, कपाटात जागा तेवढीच असते. जुनी गाइडं, मागच्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं, स्पर्धा परीक्षांची कालबाह्य पुस्तकं, ओल लागलेली, कसर लागलेली देऊ नका. कसर लागलेलं एक पुस्तक सगळ्या कपाटाला ती लावतं. शहरातल्या मोठ्या ‘अ’ वर्ग वाचनालयात तुमच्याकडची पुस्तकं आधीच असतील. गावाकडच्या ‘क’, ‘ड’ वर्गाच्या छोट्या वाचनालयाला त्याच पुस्तकांचं अप्रूप असतं. तुमचं मूळ गाव कुठलंही असो, तिथे किंवा शेजारच्या गावी असं एक असतंच, पुढच्या खेपेला जाताना पिशवीत घेऊन जा. मुलांची पुस्तकं असतील तर जिल्हा परिषदेच्या शाळेत विचारा.

भेट मिळालेल्या प्रतींच्या पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’ लिहिलेलं असतं, त्या द्यायला हात धजत नाही, हे मला माहीत आहे. ते पान फाडू नका, पुस्तक लंगडं होतं आणि जोडपान असेल तर पुढचं पानही सुटतं. वाटल्यास नावावर कोरी पट्टी चिकटवा, वाचनालयाचा शिक्का तसाही तिथेच बसतो. फक्त ती भेट खुद्द लेखकाने सही करून दिलेली असेल आणि लेखक तुमच्याच गावचे असतील, तर पुस्तक दुसऱ्या तालुक्यातल्या वाचनालयाला द्या. लेखकमंडळी गावच्या वाचनालयात आली की आधी स्वतःचीच पुस्तकं उघडून बघतात.